साठीच्या वरच्यांची यादी

आप्पाजी निवडणुकीला उभे राहिले की आमच्या गल्लीत कुणाचेच कपडे वेळेवर मिळत नसत. मी पुण्याहून बेंगळुरूला आलो सत्तावन्न साली, एका सरकारी कारखान्यात नकाशे काढायच्या नोकरीवर, आणि कॉटनपेठेत त्यांच्या माडीवर भाड्यानं राहू लागलो. खाली शिंपीकामाचं दुकान, मागं घर, वर मी. तोवर आप्पाजी कॉर्पोरेशनच्या निवडणुकीत दोनदा पडले होते. प्रचाराची जुनी पाटी त्यांनी टाकून दिली नव्हती. तिच्या कोऱ्या बाजूवर 'आज दुकान बंद' असं लिहून घेतलं होतं आणि दर अमावास्येला ती उलटी करून टांगत.

माणूस लहानखुरा, गळ्यात कायम टेप. लग्नाला निघताना अंबूबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तो टेप काढून घ्यायच्या आणि मांडवात पोचेपर्यंत तो परत गळ्यात असायचा. कुणी समोर आलं की आप्पाजी आधी त्याच्या छातीकडे बघत, मग तोंडाकडे. पहिल्या भेटीत माझं नाव विचारायच्या आत त्यांनी मला सांगितलं होतं की छाती चौतीस आहे आणि डावा खांदा स्वल्प खाली आहे. स्वल्प म्हणजे थोडासा. त्यांचं घराणं सहा-सात पिढ्या याच शहरात, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी इतकी मुरलेली की कुठली कुठं संपते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझी मराठी ऐकून म्हणायचे, पेपर वाचून दाखवल्यासारखं वाटतं. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

पहिल्या निवडणुकीत ते गटारांवर बोलले, दुसऱ्या खेपेला नळांवर. विषय दोन्ही चांगले, पण आप्पाजी विषयात फार खोल शिरायचे. गटारांच्या भाषणात त्यांनी गल्लीगल्लीचा उतार इंचांत सांगायला घेतला आणि चौथ्या गल्लीपर्यंत लोक जेवायला निघून गेले. मी या धंद्यातला माणूस आहे म्हणून सांगतो, मापं बिनचूक होती.

तिसऱ्या खेपेला, साठ साली, त्यांनी दवाखाना घेतला, आणि त्याचं कारण ठकुअक्का होती.

ठकुबाई ही आप्पाजींची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी आली, पाठोपाठ आई गेली, आणि दहा वर्षांच्या आप्पाला तिनंच वाढवलं. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. तिला दमा होता. थंडीच्या दिवसांत तिच्या छातीचा आवाज माडीवर माझ्यापर्यंत यायचा. बोलणं फार थोडं आणि फार धारदार, कारण श्वास तिला पुरवून पुरवून वापरावा लागे. वायफळ बोलणाऱ्या माणसाचा तिला मनापासून राग यायचा, आणि माझ्याकडे बघताना तो राग तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसायचा.

निवडणुकीच्या आदल्या मार्गशीर्षात एका सकाळी अक्काला जोराचा झटका आला. मोठा सरकारी दवाखाना दोन मैलांवर. आप्पाजींनी तिला जटक्यात घातलं. जटका म्हणजे इथला टांगा, जरा बुटका. हा जटका रोज पहाटे फुलांच्या पाट्या वाहायचा, त्यामुळे त्याचा घोडा फुलबाजारात आपल्या नेहमीच्या जागी आला आणि शांतपणे उभा राहिला. जटकेवाल्यानं विनवलं, शिव्या दिल्या, चाबूक दाखवला. बाजारातल्या लोकांनी सल्ले दिले. आप्पाजी उतरून मागून घोड्याला ढकलू लागले. पाऊण तास हे चाललं. शेवटी अक्काचा झटका आपला आपणच ओसरला आणि ती आली तशी घरी परतली, येताना अंबूबाईंसाठी दोन मोळं, म्हणजे दोन हात लांब, मोगऱ्याचा गजरा घेऊन. इतका वेळ फुलबाजारात बसलो तर रिकाम्या हातानं कशाला यायचं, असं तिचं म्हणणं.

गल्ली पंधरा दिवस या घोड्यावर हसली. मीही हसलो. आप्पाजी तेव्हा हसले नाहीत. एका संध्याकाळी जिन्यात मला थांबवून म्हणाले, "विद्याधरण्णा, अक्काची नखं निळी पडू लागलती. आणि मी काय करत होतो? घोडा ढकलत होतो." त्यानंतर मी त्या घोड्याची गोष्ट कुणाला सांगितली नाही.

म्हणून तिसऱ्या खेपेला त्यांच्या जाहीरनाम्यात दोनच गोष्टी होत्या. गल्लीत दवाखाना, आणि साठीच्या वरच्या माणसांच्या घरी आठवड्यातून एकदा डॉक्टरांची फेरी. अक्काला पुढचा झटका येईल तेव्हा डॉक्टर हाकेच्या अंतरावर असला पाहिजे, हे ते भाषणात सांगत नसत, पण सगळ्यांना माहीत होतं.

विरोधात नरसिंह होते. त्यांची लाकडांची वखार होती, आवाज मोठा होता, आणि ते गल्लोगल्ली उजेड देणार होते, म्हणजे गल्लीच्या प्रत्येक वळणावर ट्यूबलाइट. माणूस वाईट नव्हता, फक्त बोलायला लागला की समोरच्याला चिमटा काढल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. एका सभेत ते म्हणाले की आप्पाजींचे म्हातारे आहेत तरी किती, माझ्या वखारीच्या एका बैलगाडीत सगळे मावतील आणि वर दोन ओंडकेही बसतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पाजींना ते फार लागलं. त्यांनी त्याच रात्री ठरवलं की वॉर्डातल्या साठीच्या वरच्या सगळ्यांची यादी करायची आणि ती कॉर्पोरेशनच्या तोंडावर मारायची.

यादीत मी ओढला गेलो तो माझ्याच दोषानं. अव्यवस्थित कागद मला बघवत नाही. आप्पाजी कापडाच्या पुठ्ठ्यावर नावं लिहिताना दिसले आणि मी तो पुठ्ठा त्यांच्या हातातून काढून घेतला. ड्रॉइंगच्या कागदावर शाईनं रकाने आखले. नाव, घर नंबर, वय, दुखणं. अंबूबाईंनी त्याबद्दल मला रविवारी जादा कॉफी दिली आणि मी दर रविवारी आप्पाजींबरोबर घरोघर फिरू लागलो.

तीन रविवारांत आम्ही एकशे चाळीस घरं केली आणि साठीच्या वरचा एकही माणूस सापडला नाही.

सगळे अठ्ठावन्न वर्षांचे होते. दात नसलेले अठ्ठावन्न, काठी टेकणारे अठ्ठावन्न, खापरपणतू मांडीवर घेऊन बसलेले अठ्ठावन्न. बसवंत नावाचे एक रंगारी होते, त्यांचा थोरला मुलगा पंचेचाळीसचा, आणि तेही अठ्ठावन्न. मी हिशेब करून दाखवला तर बसवंतांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि स्वल्प ताक घ्या म्हणाले. भीमाचार्य पुरोहित, ज्यांनी गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या मुंजी लावल्या, ते मी आलो त्या वर्षी अठ्ठावन्न होते आणि अजून अठ्ठावन्नच होते. मी घरी येऊन संतापानं कागद आपटला. हे लोक खोटारडे आहेत, असं मी म्हटलं. आप्पाजी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

अंबूबाईंनी मला समजावलं. साठ पुरी झाली की मुलांनी बापाची षष्ट्यब्दी करायची असते. होम, शांत, आणि बापानं आईच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधायचं. पुन्हा लग्नच म्हणा की, त्या म्हणाल्या, वर तीनशे पान जेवण. आमच्या पुण्यातही साठीशांत करतात, पण नाही केली म्हणून कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही. इथं मुलांची ऐपत होईपर्यंत बाप अठ्ठावन्नावर थांबतो. ज्यानं स्वतःहून साठ सांगितली त्यानं चारचौघांत मुलांची अब्रू काढली. कित्येक बाप मुलांना सांभाळून घेत अठ्ठावन्नाव्या वर्षीच जातात.

"आणि आप्पाजी?" मी विचारलं.

अंबूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या की आमची एकच पोर, प्रेमा, ती दावणगेरेला दिलेली. जावयानं सासऱ्याची साठी करावी असं कुठं आहे? तेव्हा आप्पाजी बासष्टचे असले तरी अठ्ठावन्न. वॉर्डातल्या वृद्धांचा कैवारी स्वतः यादीत बसत नव्हता.

मला वाटलं प्रकरण संपलं. पण आप्पाजींच्या दुकानात एक वही होती. त्यांच्या वडिलांनी सुरू केलेली मापवही. तारीख, नाव, छाती, कंबर, बाही, आणि कोट लग्नाचा असला तर कडेला हळदीचा ठिपका. त्या रात्री आप्पाजींनी ती फळीवरून काढली आणि धूळ झटकून माझ्यापुढं ठेवली. हिशेब सरळ होता. लग्नाचा कोट अंगावर चढवणारा माणूस निदान वीस वर्षांचा धरायचा. ज्याचा हळदीचा ठिपका वीस सालाच्या अलीकडे नाही, तो आज साठीच्या वर. तर्क बिनतोड होता. एखाद्या वैतागलेल्या माणसाला बिनतोड तर्क सापडावा, यासारखं धोक्याचं काही नसतं, हे मला नंतर कळलं.

दोन रात्री जागून आम्ही एकशे बारा नावं काढली, आणि मी ती माझ्या उत्तम अक्षरात लिहिली. अक्का शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिला वाचता येत नसे. मला म्हणाली, वाच. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं वाचून दाखवली. ती ऐकत राहिली. शेवटी "झालं?" एवढंच विचारलं आणि सूप घेऊन आत गेली. मला वाटलं तिला माझं अक्षर आवडलं नाही, जे अर्थात तिला दिसत असलं तरी कळत नव्हतं.

यादी मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर लावायची कल्पना माझी. लोकांचं काम लोकांना दिसलं पाहिजे, असं काहीतरी मी म्हणालो. ते वाक्य आठवलं की आजही मला लाज वाटते.

सकाळी सात वाजता यादी लागली. आठ वाजता बसवंतांचे तिन्ही मुलगे दुकानात उभे होते. त्यांचा बाप भिंतीवर सदुसष्ट वर्षांचा झाला होता आणि दूधवाल्यापासून सगळे विचारत होते की जेवण कधी. नऊ वाजता कस्तुराबाई आल्या. त्यांचे यजमान गुंडू सोनार. कस्तुराबाई दुसरेपणावर दिलेल्या, आणि त्यांना सांगण्यात आलं होतं की पहिलं लग्न हा अगदी बालविवाह होता. मापवहीत गुंडू सोनारांचे दोन हळदीचे ठिपके होते, त्यातला पहिला नऊ सालचा. त्यावरून मी त्यांचं वय एकाहत्तर लिहिलं होतं. कस्तुराबाईंनी मूळ पान दाखवायला लावलं. छाती छत्तीस. छत्तीस छातीचं बाळ त्यांनी बराच वेळ न्याहाळलं, वही मिटली आणि घरी गेल्या. गुंडू सोनार त्यानंतर चार दिवस देवळात जेवत होते.

दुपारपर्यंत लोकांनी शिवायला टाकलेलं कापड परत न्यायला सुरुवात केली. नरसिंहांना तर काही करावंच लागलं नाही. ते नुसते गल्लीतून फिरत आणि कुणी दिसलं की वाकून नमस्कार करत, आजोबा बरे आहात ना, असं विचारत. संध्याकाळी मी गुपचूप यादी काढून आणली. आप्पाजी मशीनवर हात ठेवून बसले होते. निवडणूक गेली, हे मलाही दिसत होतं. ते म्हणाले, निवडणूक गेली तर जाऊ दे, विद्याधरण्णा, पण दवाखाना गेला. मी अपराध्यासारखा उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मी इतकी सुबक चूक दुसरी केलेली नाही.

तोडगा आप्पाजींनीच काढला, आणि तो सुचला एका शिंप्याला सुचावा तसा. एका ताग्यातून सगळ्यांचे कपडे बेतावेत तशी सगळ्यांची षष्ट्यब्दी एकाच मांडवात करायची. एक होम, एक पंगत, एक दिवस. मग कुणाच्या मुलांनी केली आणि कुणाच्या नाही, हा प्रश्नच उरत नाही. भीमाचार्यांनी आधी साफ नकार दिला. प्रत्येकाचं जन्मनक्षत्र वेगळं, शास्त्रात असं बसत नाही, म्हणाले. आप्पाजींनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की तुमची स्वतःची कधी व्हायची, आचार्य. भीमाचार्य दोन दिवस पोथ्या चाळत बसले आणि तिसऱ्या दिवशी शास्त्रात बसतं असं सांगत आले.

मतदारांना उमेदवारानं जेवू घातलं तर उमेदवारी जाईल, अशी शंका मी काढली. तेव्हा ठरलं की प्रत्येक घरानं आपापला स्वयंपाक आणायचा. याचा परिणाम असा झाला की बायकांमध्ये चुरस लागली आणि मांडवात अकरा तऱ्हेची चित्रान्नं, म्हणजे फोडणीचे भात, आली. आप्पाजींनी एक गोष्ट मात्र हट्टानं घातली. सैन्यातून निवृत्त झालेले एक डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते, त्यांचे कोट तेच शिवत. डॉक्टर मांडवाच्या दाराशी टेबल घेऊन बसणार. मंगळसूत्र बांधलेल्या जोडप्यानं देवाला नमस्कार करायचा, मग डॉक्टरांकडे जाऊन छाती तपासून घ्यायची, नाव आणि वय नव्या यादीत घालायचं, आणि मगच पंगतीला बसायचं. यादी लिहायला डॉक्टरांशेजारी मी.

मतदानाच्या बारा दिवस आधी हा सोहळा झाला. एकतीस जोडपी. बसवंतांच्या मुलांनी बापाला नवा फेटा बांधला आणि ते तिघंही रडले. कस्तुराबाईंनी मंगळसूत्र बांधून घ्यायच्या आधी गुंडू सोनारांना सगळ्यांसमोर वय विचारलं. त्यांनी एकाहत्तर असं मोठ्यानं सांगितलं, तेव्हा कुठं बाईंनी मान पुढं केली. आप्पाजी आणि अंबूबाई शेवटच्या पाटावर होते. आप्पाजींच्या गळ्यात हार होता आणि हाराखाली टेप होता.

मी लिहीत होतो आणि खूश होतो. एकेक जोडपं येत होतं आणि मोकळ्या आवाजात एकसष्ट, सहासष्ट, सत्तर असं सांगत होतं, जणू वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला ढेकर बाहेर पडत होता. आप्पाजी आले. बासष्ट, म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. मी त्यांच्या नावाखाली रेघ मारली आणि यादी पुरी झाली असं डॉक्टरांना सांगितलं.

तेव्हा देवळाच्या मागच्या बाजूनं अक्का आली. मागं विधवा बायका सकाळपासून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. मंगल कार्यात त्यांनी पुढं यायचं नसतं, आणि त्या कधी येतही नसत. अक्का मांडवाच्या मधून चालत आली. होमाचा धूर होता, त्यामुळे तिला दम लागला होता आणि छातीचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. भीमाचार्यांचे मंत्र थांबले. ती माझ्या टेबलाशी आली, कागदावर हात ठेवला आणि भावाकडे बघून म्हणाली,

"आप्पा, तुझ्या यादीत म्हातारं व्हायला नवरा लागतो होय रे?"

 मला त्या तांदळाच्या रात्री मी एकशे बारा नावं वाचल्याचं आठवलं. मापवहीत बायकांची मापं नव्हती, पुरुषांचे कोट होते. त्या कोटांवरून आम्ही त्यांच्या बायका धरल्या. मांडवात जोडपी बसवली. ज्या बायकांच्या घरात कोटच उरला नव्हता, त्या कुठल्याही रकान्यात आल्या नाहीत. ज्या एका म्हातारीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तिचं नाव तिच्या भावाला सुचलं नव्हतं आणि मला तर ती समोर बसून असताना सुचलं नव्हतं.

आप्पाजींनी गळ्यातला हार काढून ठेवला. माझ्या हातातून टाक घेतला आणि मी मारलेल्या रेघेच्या खाली स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात तिचं नाव लिहिलं.  वय विचारायला त्यांना तोंड वर करवेना. "अडुसष्ट," अक्काच म्हणाली, "आणि दुखणं लिही. दमा." मग ती डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसली आणि मागं वळून तिनं हाक मारली, "गंगव्वा, ये. सकवार, तूही ये."

त्या एकेक करून आल्या. हातांना शेंगांचा वास, पदर डोक्यावरून घेतलेला. काहीजणी वय सांगताना कुजबुजत होत्या. सकवारबाईंना आपलं वय माहीत नव्हतं, कुणी कधी विचारलंच नव्हतं. एकूण एकोणीस झाल्या. पंगत तासभर थांबली आणि अकरा चित्रान्नं थंड झाली. कुरकूर फक्त भीमाचार्यांनी केली, तीही भुकेनं.

आता निवडणूक आप्पाजींची होती. नरसिंहांनीसुद्धा ट्यूबलाइटचं बोलणं कमी केलं. पण षष्ट्यब्दी झाली की जोडप्यानं तिरुपतीला जायचं असतं, हे मी विसरलो होतो आणि बाकी कुणाला ते विसरण्याचं कारण नव्हतं. बेचाळीस माणसांनी मिळून एक बस ठरवली आणि मतदानाच्या आदल्या दिवशी परतायचं म्हणून निघाली. बरोबर भीमाचार्य. परतायच्या दिवशी पहाटे भीमाचार्यांनी पंचांग उघडलं. अमावास्या. आजचं प्रयाण नको, उद्या निघू, म्हणाले. साठी पार केलेल्या माणसांनी नव्या आयुष्याची सुरुवात अमावास्येच्या प्रवासानं कशी करायची? सगळ्यांना पटलं. आमच्या वॉर्डात मतदान झालं तेव्हा आप्पाजींची बेचाळीस मतं बसमध्ये गोविंदा गोविंदा करत घाट उतरत होती.

आप्पाजी सत्तावीस मतांनी पडले. दुसऱ्या दिवशी सगळे जण लाडूचा प्रसाद घेऊन अभिनंदन करायला आले. मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. आप्पाजींनी मला हाताला धरून आत नेलं आणि स्वतः बाहेर येऊन प्रत्येकाचा लाडू दोन्ही हातांनी घेतला. नंतर मात्र तीन दिवस त्यांनी मशीनला हात लावला नाही.  चौथ्या दिवशी सकाळी अक्का भाजीची पाटी घेऊन बाहेर पडली. गंगव्वा, सकवारबाई आणि बाकीच्या सोळाजणी आपापल्या पाट्या घेऊन तिच्यामागं निघाल्या. नरसिंहांच्या वखारीत जाऊन त्या ओंडक्यांवर बसल्या आणि भाजी निवडू लागल्या. नरसिंह आले की अक्का विचारायची, "दवाखाना कधी?" एवढंच. मग परत भाजी. उत्तर मिळालं नाही तर उद्या. वखारीत गिऱ्हाईक येईनासं झालं, कारण लाकूड दाखवायला म्हाताऱ्यांना उठवावं लागायचं आणि ते कुणाच्यानं होईना. नरसिंहांना मी त्या काळात दोनदा कॉर्पोरेशनच्या पायऱ्या चढताना पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते पळत होते.

चौदा महिन्यांनी दवाखाना आला. आमच्या घरापासून सहावं दार. दगडावर नाव नरसिंहांचं. उद्घाटनाला आपण जाणार नाही, असं आप्पाजींनी जाहीर केलं आणि त्या सकाळी मुद्दाम एका पोलिसाची पॅन्ट बेतायला घेतली. बाहेर मांडव, खुर्च्या, दाराला लाल फीत. नरसिंह दहा वाजता येणार होते.

पावणेदहाला अक्काला झटका आला.

अंबूबाईंची हाक ऐकून मी खाली धावलो तेव्हा आप्पाजींनी अक्काला अर्धं उचललेलंच होतं. दुसऱ्या बाजूनं मी धरलं. ती पाय टाकत होती, पण श्वास आत जात नव्हता. सहा दारं आम्ही कशी गाठली ते मला सांगता येणार नाही. दवाखान्याच्या दारात नरसिंहांचा एक कार्यकर्ता आडवा आला. फीत कापल्याशिवाय आत जाता येणार नाही, पाचच मिनिटं, साहेब येतायत, असं तो म्हणत होता. आप्पाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुकानातून उठताना हातातली मोठी कात्री तशीच हातात राहिली होती. त्यांनी फीत कापली, खांद्यानं दार लोटलं आणि आम्ही आत गेलो.

दवाखान्याचे नवे डॉक्टर आतच होते. त्यांनी अक्काला खुर्चीत बसवलं, बाही वर केली, सुई दिली. मग वाट बघायची होती. दारात नरसिंहांचं तोंड दिसलं. गळ्यात हार, कपाळावर घाम. त्यांनी जमिनीवर पडलेली फीत पाहिली, आप्पाजींच्या हातातली कात्री पाहिली, मग अक्काकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दार हळूच ओढून घेतलं, आणि बाहेर ते कार्यकर्त्याला सांगताना ऐकू आले की गडबड करू नकोस, फितीला गाठ मार, परत कापू.

गाठ मारून फीत परत कापली गेली. बँड वाजला, टाळ्या पडल्या, भाषण सुरू झालं. त्यातलं काहीही आप्पाजींच्या कानात शिरलं नाही. ते अक्काच्या पायाशी फरशीवर बसून तिचे मोकळे होत चाललेले श्वास मोजत होते, आणि मोजता मोजता लहान पोरासारखे रडत होते.